तरण्या कुत्र्याचं अंग धरलं तर: कोल्हापुरात उपचार मिळवताना

परवापर्यंत अंगणात धुडगूस घालणारं आठ-दहा महिन्यांचं कुत्रं एका सकाळी उठायला तयार होत नाही. उठलं तरी पाठ वर काढून, पाय मोजत चालतं. उचलायला गेलं की केकाटतं. पडल्याचं किंवा मार लागल्याचं कुणी पाहिलेलं नसतं. अशा वेळी आपल्याकडे एकच उत्तर तयार असतं: “गारठ्यानं अंग धरलंय, दोन दिवसांत सुटंल.” पावसाळ्यात तर हे घरोघरी ऐकू येतं. सांधे झिजलेलं म्हातारं कुत्रं थंडी-ओलीत आखडतं, हे खरं. दोन वर्षांच्या आतलं कुत्रं मात्र नुसत्या गारठ्यानं आखडत नाही. काहीतरी कारण असतं, आणि बरीचशी कारणं वेळेत सापडली तर पूर्ण बरी होतात किंवा आटोक्यात राहतात.

पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी पशुवैद्य नाही, पण बरीच वर्षं कुत्री सांभाळते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. दुखणं दाबणारं औषध पोटात जाण्याआधी दुखण्याचं कारण शोधायला डॉक्टरांना संधी मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देणं मालकाच्या हातात असतं.

आधी ठरवा: आत्ता निघायचं की सकाळी

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कुत्र्याला उभंच राहता येत नाही किंवा मागचे पाय फरफटतात. लघवी अडली आहे, किंवा लघवी लाल-तपकिरी होते आहे. हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर दिसतात. श्वास लागला आहे. ताप 104 अंश फॅरेनहाइटच्या वर आहे. मान अजिबात वळवत नाही आणि अंगही तापलं आहे. पोट टम्म फुगलं आहे.

धनुर्वात वेगळा ओळखू येतो. चारही पाय ताठ होतात, शेपटी कडक होते, कान डोक्यावर एकमेकांकडे ओढले जातात, कपाळावर आठ्या पडतात आणि जबडा उघडत नाही. कुत्र्यांना तो माणसांपेक्षा किंवा घोड्यांपेक्षा कमी होतो, पण जखमेतून होऊ शकतो, आणि दुधाचे दात पडताना हिरडीतूनही. अशा कुत्र्याला आवाज आणि उजेड सहन होत नाही. अंगावर चादर टाकून शांतपणे गाडीत घ्या.

आता रेबीजबद्दल, कारण हे टाळून पुढे जाता येणार नाही. लसीकरण झालेलं नाही, मागच्या काही महिन्यांत भटक्या कुत्र्याशी झटापट झाली आहे, आणि आता जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय किंवा स्वभाव अचानक फिरलाय, असं असेल तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याचं निदान व्हायची वाट बघायची नाही.

यातलं काही नसेल, कुत्रं खातंय-पितंय, फक्त आखडलेलं आहे, तर रात्र काढता येते. ती रात्र निरीक्षणात घालवा.

घरी काय बघायचं

सगळ्यात आधी ताप. नाक कोरडं की ओलं यावरून काही कळत नाही. मेडिकलमध्ये मिळणारं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा आणि गुदद्वारात हलकेच अर्धा-पाऊण इंच सरकवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 असतं, म्हणजे आपल्या हाताला निरोगी कुत्रंही गरमच लागतं. शांत पडलेलं असताना 103 च्या वर आकडा आला तर तो वेळेसकट लिहून ठेवा. आखडणं आणि ताप एकत्र असले की डॉक्टरांच्या विचाराची दिशाच बदलते.

मग मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं कुत्रं दुखणं लपवतं, ठणठणीत असल्यासारखं उभं राहतं, आणि डॉक्टर बघणार काय? म्हणून घरी असतानाच चित्रण करा: तुमच्याकडे येताना, तुमच्यापासून लांब जाताना, बाजूनं चालताना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपेतून उठताना. गुळगुळीत फरशीवर धड कुत्रंही जपून चालतं, म्हणून अंगण किंवा टेरेस बघा. खायला दिल्यावरही बघा. भांडं जमिनीवर असताना तोंड घालत नाही आणि भांडं हातात उंच धरलं की खातं, तर मान दुखत असण्याची शक्यता मोठी. हाक मारल्यावर डोकं न वळवता नुसते डोळे फिरवतं का, तेही टिपा.

दुखणारा पाय एकच आहे की दर दोन-चार दिवसांनी बदलतो? झोपून उठल्यावर जास्त आखडतं आणि थोडं चालल्यावर सैल होतं, की चालल्यावर वाढतं? या दोन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांना हमखास लागतात.

शेवटी अंग तपासा, पण हलक्या हातानं. बोटांच्या बेचक्यात, कानांच्या आत, पट्ट्याखाली, जांघेत गोचीड आहे का बघा. पंजाच्या गादीत बाभळीचा काटा किंवा ऊस तोडल्यावर राहिलेल्या बुडख्यांची जखम आहे का बघा. शेतावर राहणाऱ्या कुत्र्यांत हे कारण इतकं साधं असतं की नेमकं तेच बघायचं राहून जातं. मान वाकवून बघणं, पाय ताणून बघणं हे मात्र तुमचं काम नाही. ते डॉक्टरांवर सोडा.

घरी काय करायचं नाही

माणसांची वेदनाशामक गोळी द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे कुत्र्याच्या जठराला व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजानं द्यायचं औषध नाही. शिवाय पुढची अडचण कुणी सांगत नाही. पोटात अशी गोळी गेली असेल आणि नंतर स्टेरॉइडची (दाह आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) गरज पडली, तर दोन्ही मिळून आतडी-जठर फाटण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना काही दिवस थांबावं लागतं. गोळी दिली गेली असेलच तर नाव आणि वेळ न लपवता सांगा.

गरम तेलानं मालीश नको. हाड सुजलं असेल तर यातना वाढतात, मानेचा मणका सरकला असेल तर जिवावर बेतू शकतं. “चालवलं की मोकळं होईल” म्हणून रंकाळ्यावर फेऱ्याही नकोत. एका खोलीत ठेवा, जिना बंद करा, फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरा, आणि लघवी-शीपुरतं पट्ट्यानं बाहेर न्या. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची बाटली आणली असेल तर ती तूर्त बाजूला ठेवा. त्याचं कारण पुढे येतं.

कुठे आणि कुणाकडे

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. गोकुळ संघ 1963 पासून आहे, आणि इथले बरेच पशुवैद्य गाई-म्हशींच्या आजारांत मुरलेले आहेत. तो अनुभव मोठाच आहे, पण वाढत्या कुत्र्याची हाडं आणि सांधे हा निराळा विषय आहे. म्हणून दारात जाण्याआधी फोन करा आणि सरळ विचारा: कुत्री नियमित बघता का? एक्स-रे तिथंच निघतो का? रक्ताचा अहवाल त्याच दिवशी मिळतो का? भूल देऊन तपासण्याची सोय आहे का? शहरात कुत्र्या-मांजरांसाठीचे खासगी दवाखाने आहेत. पशुसंवर्धन विभागाचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय कमी खर्चात तपासणीसाठी उपयोगी पडतं, पण वेळ आणि एक्स-रेची सोय आधी विचारून घ्या. 1962 हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गावातल्या जनावरांच्या फिरत्या पथकासाठी आहे, त्याच्या भरवशावर कुत्र्याला ताटकळत ठेवू नका.

डॉक्टर बी.व्ही.एस्सी. पदवीधर आणि नोंदणीकृत असावेत. लस टोचायला घरी येणारे सगळेच पदवीधर पशुवैद्य असतात असं नाही, आणि या दुखण्याचं निदान अंगणात उभ्या-उभ्या होत नाही.

नेताना दोघं जण लागा. मोठं कुत्रं असेल तर चादर ताणून धरून तिच्यावरून उचला. दुखणारं कुत्रं स्वतःच्या माणसालाही चावतं, म्हणून तोंडाला मऊ पट्टी बांधा. श्वास लागलेल्या, उलट्या करणाऱ्या आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना मात्र बांधू नका. सोबत लसीकरणाचं कार्ड, तापाची नोंद, व्हिडिओ, दिलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि रोजच्या खाण्याचा खरा तपशील घ्या. मागच्या महिन्याभरात पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात गेलं होतं का, हेही सांगा. पंचगंगेचं पाणी चढतं त्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, विचार करावा लागतो. त्यातही ताप येतो आणि स्नायू इतके दुखतात की कुत्रं आखडून चालतं.

संशय कुणाकुणावर

सगळी नावं पाठ करायची गरज नाही, पण डॉक्टर काय बोलतायत ते कळावं म्हणून एवढं वाचाच.

आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापावर. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घराच्या भिंतीच्या फटींत, कुत्र्याच्या घरात, ओट्याखाली अंडी घालते आणि वर्षभर टिकते. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन जंतू रक्तात जातात. एर्लिकियात ताप येतो, सांधे सुजून दुखतात, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात. बबेसियात तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या फिकट होतात, लघवी गडद होते. संशयाला एक गोचीड सापडली तरी पुरे, आणि एकही सापडली नाही तरी गोचीड ताप नाही असं म्हणता येत नाही, कारण ती चावून केव्हाच पडून गेलेली असते.

दुसरा गट वाढत्या हाडांचा. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्यात पाच ते अठरा महिन्यांच्या वयात पॅनोस्टिआयटिस होतो. लांब हाडांच्या आत दाह होतो आणि लंगडणं या पायावरून त्या पायावर फिरतं. यात घाबरण्यासारखं फार नसतं, आराम आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक यांवर ते वयाबरोबर जातं. मात्र सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून “एक्स-रे नॉर्मल आहे” एवढ्यावर कुत्र्याला नाटकी ठरवू नका. मोठ्या जातीच्या दोन ते आठ महिन्यांच्या पिल्लाला पुढच्या पायाच्या मनगटाच्या वर गरम, दुखरी सूज आली आणि सोबत ताप असला, तर ते हाडाच्या वाढीच्या टोकाचं गंभीर दुखणं असू शकतं, त्याला त्याच दिवशी दाखवा.

मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून उड्या मारत पळणं, जिना टाळणं, बसल्यावर उठायला वेळ लागणं ही खुब्याच्या सांध्याच्या दोषाची, म्हणजे हिप डिस्प्लेशियाची चिन्हं. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत मधूनच एक पाय वर धरून दोन-चार पावलं उड्या मारणं दिसलं तर गुडघ्याची वाटी सरकत असते. त्याच छोट्या जातींत चार ते अकरा महिन्यांच्या वयात खुब्याच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी झिजतो, आणि त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

खाण्यातून येणारं दुखणं आपल्याकडे जास्त बोललं गेलं पाहिजे. नुसतं दूध-चपाती, नुसता भात, किंवा प्रेमानं रोज बिनहाडाचं चिकन आणि कलेजी, या तिन्ही आहारांत कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ बसत नाही. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढतं, हाडं पातळ होतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. याच्या उलट, चांगलं तयार खाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते, कारण त्या वयात जास्तीचं कॅल्शियम शरीराला नाकारता येत नाही. म्हणून ती बाटली बाजूला ठेवायला सांगितलं. आधी आहार सांगा, मग डॉक्टर ठरवतील.

शेवटचा गट ओळखण्यात सगळ्यात जास्त चूक होते. सहा ते अठरा महिन्यांच्या कुत्र्यात, विशेषतः बीगल आणि बॉक्सरमध्ये, शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणावर उलटते. मान लाकडासारखी होते, ताप येतो, कुत्रं पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, मधेच दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा उलटतं. प्रतिजैविकं देऊन उपयोग होत नाही. असाच प्रकार सांध्यांत झाला तर एकाच वेळी अनेक सांधे दुखतात आणि कुत्रं काचेवरून चालल्यासारखं पाऊल टाकतं. दोन्हींचा उपचार स्टेरॉइड हाच आहे, आठवडे नव्हे तर महिने चालणारा. आणि इथेच सगळा गुंता आहे.

सुई आधी की रक्त आधी

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं की आखडलेलं कुत्रं संध्याकाळी शेपटी हलवत जेवतं. घरच्यांना हायसं वाटतं. पण कारण गोचीड ताप किंवा दुसरा जंतुसंसर्ग असेल तर प्रतिकारशक्ती दबून तो आत वाढत राहतो. कारण प्रतिकारशक्तीचं असेल तर तेवढ्या डोसानं ते बरं होत नाही, मात्र तपासणीतल्या खुणा पुसल्या जातात आणि चार-पाच दिवसांनी दुखणं परत येतं तेव्हा शोधायला काही उरलेलं नसतं. स्टेरॉइड हे शत्रू नाही, कित्येक कुत्र्यांचा जीव त्यानंच वाचतो. त्याचा क्रम चुकता कामा नये.

म्हणून टेबलाशी उभं राहून नम्रपणे, पण स्पष्ट विचारा: “डॉक्टरसाहेब, इंजेक्शन देण्याआधी रक्त घेऊन ठेवाल का? आणि आज जे देताय त्यात स्टेरॉइड आहे का?” चांगले डॉक्टर या प्रश्नानं नाराज होत नाहीत. दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव कागदावर मागून घ्या. “एक दुखण्याचं, एक तापाचं” एवढी नोंद दुसऱ्या डॉक्टरांच्या काहीच कामाची नसते.

पैशांची ओढाताण असेल तर तसं सांगा आणि क्रम लावून मागा. पहिल्यांदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताची काचपट्टी, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. प्लेटलेट किती आहेत, पांढऱ्या पेशी वाढल्यात का, एवढ्यावरून बरंच कळतं. मग गोचीड तापाची झटपट चाचणी. ती अँटीबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली द्रव्यं, बघते, म्हणून आजाराच्या पहिल्या दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि एर्लिकियाच्या पट्टीवर बबेसिया दिसत नाही. संशय पक्का असेल तर पीसीआरसाठी, म्हणजे रक्तात खुद्द जंतूचा अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, नमुना पाठवतात. त्यानंतर यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, कॅल्शियम, फॉस्फरस, आणि दुखऱ्या जागेचे एक्स-रे. खुब्याचा एक्स-रे भूल दिल्याशिवाय नीट येत नाही, त्यामुळे डॉक्टर भूल सुचवतात तेव्हा ते बिल वाढवतायत असं समजू नका.

एर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे चालतं. बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत सुधारतात, आणि तिथंच औषध सोडणारे बरेच असतात. सोडू नका. आपल्या घरांत गोळी दुधात किंवा पेढ्यात घालून द्यायची सवय असते, पण दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषलं जातं. घासभर भाताच्या किंवा चिकनच्या गोळ्यात द्या आणि वरून पाणी पाजा, म्हणजे ती घशात अडकून जळजळ करणार नाही. बबेसियाला वेगळी औषधं लागतात, एकट्या डॉक्सीसायक्लिननं भागत नाही.

इथं उत्तर मिळालं नाही तर

आठवडाभर नीट उपचार होऊनही ताप उतरत नसेल, मान तशीच असेल किंवा दुखणं उलटत असेल, तर स्थानिक डॉक्टरांकडूनच पत्र मागून पुढे जा. यात त्यांचा अपमान नाही. पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईला परळमध्ये 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. सांध्यातलं पाणी काढून तपासणं, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणं, एमआरआय या गोष्टींची सोय कुठं आहे ते निघण्याआधी फोनवर पक्कं करा. कण्यातलं पाणी तपासायचं असेल तर तोवर स्टेरॉइड सुरू करायचं का, हे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावून ठरवा. एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही, मूळ डिजिटल फाइल मागा.

तुमच्याकडे कारवान किंवा मुधोळ हाउंड असेल, आपल्या भागात शेतावर ती पुष्कळ आहेत, तर भूल देण्याआधी जात आवर्जून सांगा. या सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असल्यानं काही भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून उशिरा उतरतात.

घरी परत आल्यावर

रोज सकाळी उठतानाचा व्हिडिओ, दोन वेळचा ताप, खाणं आणि दिलेली औषधं यांची वही ठेवा. स्टेरॉइड चालू असताना कुत्रं पाणी खूप पितं, घरात लघवी करतं, खायला मागत राहतं. त्याला रागावू नका, रात्री एकदा जास्त बाहेर न्या. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करणं धोक्याचं आहे, ती डॉक्टर टप्प्याटप्प्यानं उतरवतात. काळी, डांबरासारखी शी किंवा उलटीत रक्त दिसलं तर पुढचा डोस न देता लगेच फोन करा.

वजन वाढू देऊ नका. दुखऱ्या सांध्यावर एकेक किलो जाणवतो, आणि “आजारी आहे बिचारं” म्हणून दिलेला तांबड्या रश्शातला तुकडा दोन्हींकडून वाईट, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. गोचीड अंगावर सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका, नखानं चिरडू नका. गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नका, त्याच्या विषबाधेनंही थरथर आणि ताठरपणा येतो. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या आणि त्याच दिवशी भिंतीच्या फटी, पायपुसणी, कुत्र्याचं अंथरूण साफ करा.

औषधाचा कोर्स संपल्यावर प्लेटलेट पुन्हा तपासून घ्या, कुत्रं कितीही उड्या मारत असलं तरी. त्यानंतर काही महिने, ते मान खाली घालून खायचं टाळतंय किंवा उठताना पुन्हा पाय मोजतंय असं दिसलं, की आधी थर्मामीटर लावा, आकडा लिहा आणि जुनी वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.